वाक्यातला कर्ता कुठे गेला?

युद्ध हरलेला देश आपल्या मुलांना त्या युद्धाबद्दल काय शिकवतो? या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आपण नेहमी ऐकतो. जर्मनीने आपले पाप कबूल केले, जपानने लपवले. जर्मन माणूस प्रामाणिक, जपानी माणूस मानी. विषय संपला.

आम्हाला हे उत्तर मान्य नाही. कुठल्याही देशाचा स्वभाव त्याचे पाठ्यपुस्तक लिहीत नाही. पाठ्यपुस्तक सत्ता लिहिते. त्यात सत्य येते ते कुणीतरी भांडून आणलेले असते. हे दोन्ही देशांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

आधी जपान पाहू. १९४५ मध्ये जपान शरण गेला तेव्हा नवी पुस्तके छापायला वेळ नव्हता. म्हणून शाळेतल्या मुलांनाच हातात शाई देऊन जुन्या पुस्तकांतल्या युद्धाची भलामण करणाऱ्या ओळी काळ्या करायला लावल्या. काल जे पूज्य होते ते आज काळे झाले. पण हे काळे करणे वरच्या हुकमाने झाले होते, समाजाच्या आतून नाही. त्यामुळे थोड्याच वर्षांत काय झाकायचे आणि काय दाखवायचे हे ठरवण्याचे काम शिक्षण मंत्रालयाच्या तपासणीकडे आले.

इएनागा साबुरो नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. युद्धकाळात आपण शिक्षक असून गप्प राहिलो, ही खंत त्यांना आयुष्यभर होती. त्यांनी लिहिलेल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकावर मंत्रालयाने आक्षेप घेतले, युद्धाचे काळे चित्र सौम्य करायला सांगितले. १९६५ मध्ये त्यांनी सरकारवर खटला भरला. मग १९६७ मध्ये दुसरा, १९८४ मध्ये तिसरा. हजारो शिक्षक आणि पालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शेवटचा निकाल लागला १९९७ मध्ये. म्हणजे ३२ वर्षे! तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पुस्तके तपासण्याची पद्धत घटनाबाह्य ठरली नाही. पण जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने चीनमध्ये जिवंत माणसांवर जे प्रयोग केले, त्यांचा उल्लेख काढायला लावणे बेकायदेशीर होते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. एका परिच्छेदासाठी एका माणसाने इतकी वर्षे दिली.

यापेक्षाही बोलके उदाहरण ओकिनावाचे. १९४५ मध्ये या बेटावर अमेरिका आणि जपान यांच्यात भीषण लढाई झाली. 'शत्रूच्या हाती लागू नका' असे जपानी सैन्याने सामान्य लोकांना बजावले आणि अनेकांच्या हातात हातबॉम्ब दिले. कुटुंबेच्या कुटुंबे मेली. २००७ मध्ये मंत्रालयाच्या तपासणीनंतर पुस्तकांतल्या या प्रसंगातून सैन्याची सक्ती गायब झाली. मित्रहो, इथे बारकाईने बघा. घटना पुसली नाही. लोक मेले हेही पुसले नाही. पुसला तो फक्त कर्ता! 'सैन्याने लोकांना मरायला भाग पाडले' याचे 'लोकांनी सामूहिक आत्महत्या केली' असे झाले. ज्यांनी मारले ते वाक्यातून बाहेर पडले आणि जे मेले तेच आपल्या मरणाचे कर्ते ठरले.

ओकिनावाचे लोक गप्प बसले नाहीत. २९ सप्टेंबर २००७ रोजी गिनोवान शहरात निषेध सभा झाली. संयोजकांच्या मते १ लाख १० हजार लोक जमले. त्या लढाईतून वाचलेले म्हातारे उभे राहून बोलले. वर्ष संपायच्या आत मंत्रालयाला सैन्याच्या 'सहभागा'चा उल्लेख मान्य करावा लागला. 'सक्ती' हा शब्द मात्र सरळसरळ परत आला नाही. एका शब्दासाठी सत्ता किती चिवटपणे लढते, ते यावरून समजावे.

आता जर्मनी. आज तिथल्या प्रत्येक राज्यात नाझी काळ शिकवतात आणि शाळांच्या सहली छळछावण्यांच्या स्मारकांवर जातात. पण १९५० च्या दशकातला जर्मनीही गप्पच होता. कालचे नाझी न्यायाधीश, अधिकारी, शिक्षक पुन्हा खुर्च्यांवर बसले होते. १९५९ च्या नाताळच्या आदल्या रात्री कलोन शहरात ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर स्वस्तिके रंगवली गेली, जगभर नाचक्की झाली, तेव्हा कुठे राज्यांचे शिक्षणमंत्री खडबडून जागे झाले. फ्रिट्झ बाउअर हे स्वतः ज्यू आणि नाझींच्या कैदेत राहिलेले सरकारी वकील. त्यांनी हट्टाने पुढे रेटलेला आउशवित्झचा खटला १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफर्टमध्ये चालला. आरोपींपैकी एक जण तोवर औषधाचे दुकान चालवत होता. खुनी आपल्या शेजारीच राहतो हे तरुण पिढीने पाहिले, आणि 'बाबा, तेव्हा तुम्ही काय करत होता?' हा प्रश्न घराघरात शिरला.

तरीही सगळ्यांना न्याय मिळाला का? नाही. नाझींनी सिंती आणि रोमा या भटक्या म्हणून हिणवलेल्या समाजाच्याही लाखो लोकांना मारले. या समाजाची मुळे आपल्या भारतात आहेत. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले की १९४३ पूर्वी त्यांचा झालेला छळ वंशामुळे नव्हता, त्यांच्या 'समाजविघातक' वागण्यामुळे होता. म्हणजे इथेही तीच चाल. मारणारा सुटला, दोष मेलेल्याच्या माथी! १८७१ च्या कायद्याने 'जन्मजात गुन्हेगार' ठरवलेल्या आपल्याकडच्या जमातींना ही भाषा नवी नाही. १९८० मध्ये सिंती कार्यकर्ते डाखाउ येथे, पूर्वीच्या छळछावणीच्या जागेवर, उपोषणाला बसले. १९८२ मध्ये सरकारने तो वंशसंहार होता हे मान्य केले. युद्ध संपून ३७ वर्षे झाली होती.

'जुन्या जखमा कशाला उकरता, मुलांच्या मनात द्वेष भरेल' असे म्हणणारे टोकियोतही आहेत, बर्लिनमध्येही आहेत आणि आपल्या गल्लीतही आहेत. त्यांना आमचे उत्तर सोपे आहे. आजोबाचा गुन्हा नातवाच्या माथी मारा असे कुणीच म्हणत नाही. पण आजोबाने काय केले ते नातवाला कळलेच नाही, तर तो उद्या तेच करणार नाही याची हमी कोण देणार?

म्हणून तरुण मित्रांनो, आपल्या घरातल्या मुलांचे इतिहासाचे पुस्तक एकदा हातात घ्या. 'अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते', असे वाक्य कुठे दिसले तर तिथे थांबा. कोण भरू देत नव्हते? १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ला झाला. कुणी केला? तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. कुणी केले? कर्ता शोधा. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून ठेवा. पाठ्यपुस्तक मंडळाला पानाचा आणि ओळीचा हवाला देऊन पत्रे पाठवा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाठवा.

इएनागांना ३२ वर्षे लागली, सिंती-रोमांना ३७. आपल्याला किती लागतील ते माहीत नाही. पण ज्या दिवशी आपण विचारायचे थांबवू, त्या दिवशी वाक्यात आपणच आपल्या दुःखाचे कर्ते म्हणून लिहिले जाऊ.

जय भीम!