कुत्रे पिसाळले, हे ठरवायचे कुणी?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कुत्री कशाकशाने मेली असतील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. गोचीड तापाने मेली, डिस्टेंपरने मेली, १९७८च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्वोने रक्ताची हगवण लागून पिल्लांची अख्खी वेते गेली. पण गावाच्या बोलण्यात कुत्र्याला मोठा रोग एकच: ते पिसाळते. बाकीचे मरण म्हणजे नुसते मरण. त्याला नाव लागत नाही आणि कारणही. यात गावकऱ्यांचे अज्ञान दिसते असे कुणी म्हणेल, पण दोष तेवढ्यावर ढकलता येत नाही. या भागापुरते बोलायचे तर कुत्र्याचे रोगनिदान कुत्र्यासाठी असे जवळजवळ कधी झालेच नाही. चावलेल्या माणसाचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते झाले. आणि तो प्रश्न सोपा झाला तेव्हा निदानाची गरजही कुणाला उरली नाही.

पिसाळ ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन येते: शेपूट, जबडा आणि खांदे गळालेले, लाळ गळणारी, दिसणे-ऐकणे गेलेले. चावलेल्या माणसाला पाण्याचे भय वाटू लागले की तो वाचत नाही, हेही तिथे नोंदलेले आहे. वर्णन अचूक आहे, पण नजरेने केलेल्या निदानाला मर्यादा असते आणि या रोगात ती जिवावर बेतते. धावून येणारे, दिसेल त्याला चावणारे कुत्रे कुणीही ओळखतो. रोगाचे दुसरे रूप मुके असते. कुत्रे कोपऱ्यात पडून राहते, आवाज बदलतो, खालचा जबडा लुळा पडून तोंड उघडेच राहते, गिळता येत नाही म्हणून लाळ वाहते. बघणाऱ्याला वाटते की घशात हाड अडकले. मायेने एकजण तोंड फाकवून धरतो, दुसरा आत बोटे घालून हाड शोधतो. हाड सापडत नाही. बोटांवरच्या बारीक चिरांना मात्र लाळ लागते. चावलेला माणूस निदान घाबरतो तरी. हाड शोधणाऱ्याला आपल्याला काही झाल्याचेच ठाऊक नसते.

सरकारी व्यवहारात तर लक्षणे बघण्याचीही तसदी नव्हती. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचे हुकूम काढले, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस लावले, आणि जून १८३२मध्ये त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला. या दंग्याची आठवण धर्मभावनेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. रोगाच्या इतिहासात तिचा अर्थ वेगळा लागतो. बक्षीस कुत्र्यावर होते, पिसाळलेल्या कुत्र्यावर नव्हते. मारणाऱ्याला निदान करायचे नव्हते, मोजून द्यायचे होते.

निदानाची खरी सोय झाली ती परळला. १८८६मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आधाराने मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८९९मध्ये हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा परळच्याच जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. इटलीत पाविया इथे आदेल्की नेग्री याने १९०३मध्ये पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूतल्या पेशींत विशिष्ट गोल कण दाखवले, आणि मेलेले कुत्रे खरेच पिसाळलेले होते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येऊ लागले. रेल्वे आधीच आलेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६मध्येच खोपोलीपर्यंत पोहोचली होती. म्हणजे १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यात आणि नंतर कुलाब्यात मोडणारा हा मुलूख रुळांनी थेट मुंबईला जोडलेला होता. प्रयोगशाळा आणि गाव यांच्यात अंतर फार नव्हते. आडवे येत होते ते दुसरेच काही.

ते काय, हे कळायला तपासणी कशी होते ते बघावे लागते. कुत्र्याचे मुंडके कापून, कवटी उघडून, मेंदूच्या आतल्या बाजूचा अॅमनचे शिंग म्हणून ओळखला जाणारा वळलेला भाग काढायचा. त्याचा तुकडा काचपट्टीवर दाबायचा आणि ओला असतानाच रंगात बुडवायचा. १९२७पासून सेलर्सचा रंग वापरात आला. त्यात चेतापेशी निळ्या दिसतात आणि नेग्रीचे कण किरमिजी, पोटात गडद निळे ठिपके असलेले. लांबून नमुना पाठवायचा तर तो ग्लिसरीनमध्ये किंवा बर्फात ठेवायचा. आता गावात काय होते ते आठवा. पिसाळलेले कुत्रे दिसले की माणसे काठ्या घेऊन धावतात आणि पहिला घाव डोक्यावर बसतो. ज्या अवयवावर निदान उभे, नेमका तोच आधी फुटतो. उरलेले कुत्रे ओढ्यापलीकडे पुरले जाते. त्यातून आणखी एक गोम अशी की हे कण रोग वाढत जातो तसे वाढतात. लक्षणे दिसताक्षणी मारलेल्या कुत्र्याच्या मेंदूत ते सापडतीलच असे नाही. घाईने मारलेले कुत्रे परळला पोहोचले असते तरी उत्तर डळमळीत येण्याचा धोका होताच. चेतापेशीतला विषाणू चमकत्या रंगाने दाखवणारी, कितीतरी जास्त भरवशाची चाचणी १९५८मध्ये आली.

कुत्रे पिसाळलेले होते की नाही, या उत्तराची किंमत जुन्या काळात मोठी होती. १९००मध्ये हिमालयात कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली आणि मुंबई इलाख्यातल्या चावलेल्या माणसालाही तिथपर्यंत प्रवास करावा लागे. कसौलीतच डेव्हिड सेंपलने १९११मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटातली चौदा इंजेक्शने म्हणून दोन-तीन पिढ्यांनी जिचा धसका घेतला ती हीच. दुखणे तर होतेच, पण लशीतल्या मेंदूच्या अंशामुळे क्वचित लस घेणाऱ्यालाच लकवा होई. त्यामुळे कुत्रे निरोगी निघाले तर माणसाची सुटका होई, आणि म्हणून कुत्र्याकडे बघणे भाग होते. दहा दिवस बांधून ठेवण्याचा नियम यातलाच. त्यामागचा तर्क पक्का आहे: लाळेत विषाणू उतरला की कुत्रे किंवा मांजर काही दिवसांतच आजारी पडून मरते; चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिले तर चावतेवेळी लाळेत विषाणू नव्हता. सूक्ष्मदर्शक नको, कवटी फोडणे नको. मात्र कुत्रे कुणाचे तरी असायला हवे. दहा दिवस बांधून भाकरी घालील असा मालक नसलेल्या कुत्र्याला हा नियम लागूच करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा निघेल की गरीब तालुक्याने आधी बैल बघायचे की कुत्रे? आक्षेप वजनदार आहे. सरकारने पशुरोगांची पहिली मोठी प्रयोगशाळा १८८९मध्ये पुण्यात काढली, पुढे ती मुक्तेश्वरला हलली, आणि तिचे मुख्य लक्ष्य बुळकांडी होते. भाताच्या मुलखात ऐन चिखलणीत बैल गेला की वर्ष गेले. जिल्हा परिषदांकडे पशुवैद्यकीय दवाखाने आले तरी घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लशींभोवतीच काम फिरत राहिले, आणि ते योग्यच होते. श्रेणी २च्या दवाखान्यातल्या एका पशुधन पर्यवेक्षकाने आसपासची गावे आणि वाड्या सांभाळायच्या, वर कुत्र्याच्या रक्ताची काचपट्टीही बघायची, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण हा हिशेब गुरांना आणि कुत्र्यांना दोन वेगळ्या खात्यांत टाकतो, आणि तिथेच चुकतो. पिसाळलेले कुत्रे गोठ्यातही शिरते. चावलेली म्हैस काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लाळ गाळू लागते, तेव्हा तिच्याही तोंडात हात घालून अडकलेले काही शोधले जाते. म्हणजे कुत्र्याचे निदान न करण्याचा खर्च शेवटी गोठ्याच्याच नावे पडतो.

निदान पैशाच्या आणि हौसेच्या मागे जाते, हे इतरत्रही दिसते. कुत्र्यांच्या गोचीड तापातला बॅबेसिया गिब्सोनी हा परजीवी १९१०मध्ये पॅटनने प्रथम वर्णन केला तो मद्रासला, आणि तोही साहेबांच्या शिकारी क्लबातल्या हाउंड कुत्र्यांच्या रक्तात. नंतर तो कोल्ह्यांतही सापडला. डिस्टेंपरचा विषाणू फ्रान्समध्ये कारेने १९०५मध्ये दाखवला, पण त्यावरची लस इंग्लंडात १९२०च्या दशकात झाली ती शिकारीच्या शौकिनांचे साप्ताहिक असलेल्या 'द फील्ड'ने निधी उभारला म्हणून. कर्जत-खालापुरात ही हौस उशिरा आली, शेतघरांबरोबर. शनिवार-रविवारी येणाऱ्या लॅब्रॅडोरचे रक्त तपासायला मुंबई-पनवेलला जाते, प्लेटलेट मोजल्या जातात, एर्लिकियाची चाचणी होते. त्याच फाटकाबाहेर बसणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्याच जातीची गोचीड असते आणि त्याला काही होत नाही असे समजले जाते. मांजराचे तर नावच नको. त्याच्या विषाणूजन्य हगवणीचे कारण १९२८मध्ये कळले असले तरी मांजर आजारी पडले की अडगळीत जाऊन बसते, आणि घर म्हणते, ते कुठेतरी निघून गेले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मेंदूच्या लशीचे उत्पादन भारतात २००४-०५च्या सुमारास थांबले. आताची लस दंडात घेतात, ती सुरक्षित आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. डॉक्टर सांगतात की कुत्र्याचा शोध घेत बसू नका, जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा, मिरची-चुना लावू नका आणि लगेच या. मग कुत्र्याचे निदान हवे कशाला? चावलेल्या माणसापुरते हे शंभर टक्के बरोबर आहे. निदानासाठी लस थांबवणारा माणूस मूर्ख ठरेल. पण चावल्याची खबर ज्याला आहे, त्याच्यापुरतेच ते पुरते. हाड शोधणाऱ्याने लस घेतलेली नसते. कुत्र्याने नखे मारलेली कातकरी वाडीतली पोर घरी सांगत नाही. अशांना हुडकून काढायचे तर कुत्रे पिसाळलेले होते हे कुणीतरी खात्रीने सांगावे लागते. एकाच्या निदानातून दहाजणांचा शोध लागतो, आणि लस फुकट झाली म्हणून हे काम संपत नाही.

उलटी चूकही होतेच. डिस्टेंपरचे कुत्रे झटके येऊन तोंडाला फेस आणते, जबडा चघळल्यासारखा हलवते, आणि पिसाळलेले म्हणून मारले जाते. फरक बघणाऱ्याला बहुधा दिसतो. डिस्टेंपरमध्ये सहसा आधी डोळ्या-नाकातून पू येतो, नाक आणि पंजांची गादी टणक होते, एखाद्या पायाचे किंवा कानशिलाचे स्नायू एका लयीत उडत राहतात आणि कुत्रे झोपले तरी थांबत नाहीत. दुखणे आठवडेच्या आठवडे चालते. हे माणसाला होत नाही, म्हणून त्याची नोंद कुणी करत नाही. पण २०१८मध्ये गीरच्या जंगलात सिंह मेले तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत हाच विषाणू सापडला. माथेरानच्या उतारावरचा बिबट्या कुत्री खाऊन राहतो. खालच्या वाड्यांतल्या कुत्र्यांत काय चालले आहे, हे न कळणे म्हणजे वरच्या जंगलात काय चालले आहे, हेही न कळणे. एवढे असूनही तपासणीसाठी नमुने नेऊन देणारा कुणी नाही, कारण त्या कुत्र्याबद्दल विचारणारा माणूस नाही.

कायद्याने विचारायला सांगितले आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९चा केंद्रीय कायदा रेबीजला सूचीत धरतो आणि खबर देण्याची जबाबदारी मालकावरच नव्हे, तर ग्रामपंचायतीवरही टाकतो. देशातला कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३०पर्यंत संपवण्याचा आराखडा २०२१मध्ये जाहीर झाला आहे. आता मेंदूचा नमुना कवटी न फोडता, मानेच्या बाजूच्या भोकातून साध्या नळीने काढता येतो. त्याला आधी लस टोचून घेतलेला प्रशिक्षित माणूस, हातमोजे, चष्मा आणि बर्फाचा डबा लागतो. परळच्या प्रयोगशाळांना जवळचे दादर कर्जतहून लोकलने दोनेक तासांवर आहे. तेव्हा ग्रामपंचायतींना एवढेच सांगणे: संशयास्पद कुत्रे मेले तर त्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, पुरण्याआधी नमुना मागा, त्याच्या जवळ कोण कोण गेले होते ते घरोघर विचारा, आणि अहवाल आला की तो कार्यालयाच्या फळ्यावर लावा.