खेळण्याची वेळ सायंकाळी ५ ते ७

सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्रात जे आदर्श उपविधी आहेत, त्यात खेळण्याबद्दल एक छोटंसं कलम आहे. समितीने ठरवलेल्या वेळेत आणि समितीने घातलेल्या बंधनांत सभासदाला खेळ खेळता येतील. अटी मोडल्या तर सर्वसाधारण सभा ठरवेल तो दंड. बस्स, एवढंच. पार्किंगवर त्याच उपविधींमध्ये कितीतरी जास्त शाई खर्च झाली आहे.

या कलमातला ‘सभासद’ हा शब्द मला पुन्हा पुन्हा वाचावा लागला. फ्लॅट ज्याच्या नावावर, तो सभासद. नऊ वर्षांचं पोरगं सभासद नसतं. म्हणजे खेळ कोण खेळणार आहे हे माहीत असूनही, त्याचं नाव न घेता नियम लिहिला गेलाय.

हे कलम शोधायची वेळ आली ती भाच्यामुळे. माझी ताई गोंदियाला असते. मागच्या उन्हाळ्यात तिने पोराला महिनाभर माझ्याकडे पुण्याला पाठवलं. पूर्वी मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जायची. आता मामाचं गाव म्हणजे चौदाव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. लिफ्टमध्ये नोटीस होती : खेळण्याची वेळ सायंकाळी ५ ते ७. क्रिकेट, फुटबॉल आणि सायकलला मनाई. दंड ५०० रुपये. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ॲपवर तक्रार आली, फोटोसकट. दुपारी चार वाजता ‘बी विंगखाली चेंडूचा आवाज’. संध्याकाळपर्यंत तक्रारीवर हिरवी खूण : निकाली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिकीट बंद होण्याचा आनंद मला कळतो. पण इथे बंद काय झालं होतं, ते खाली जाऊन बघितलं की दिसत होतं.

तक्रार करणाऱ्याची बाजूही आहेच. रात्रपाळी करून दुपारी झोपलेला माणूस असतो, आजारी म्हातारं माणूस असतं, कुणाच्या नव्या गाडीची काच असते. मला प्रश्न पडला तो वेगळाच. मोकळ्या जागेत खेळायला परवानगी लागते, हे आपण नेमकं कधीपासून मान्य केलं?

कायद्याच्या पुस्तकात ही गोष्ट बरीच जुनी निघाली. इंग्लंडमध्ये १८३५च्या महामार्ग कायद्याने रस्त्यावर ये-जा करणाऱ्यांना त्रास होईल असा फुटबॉल किंवा कुठलाही खेळ खेळणं गुन्हा ठरवलं. १८३९च्या लंडन पोलीस कायद्याची यादी तर वाचण्यासारखी आहे : लोकांना त्रास होईल असा पतंग उडवणं, खेळ खेळणं, बर्फावर घसरगुंडी करणं, आणि उगाच कुणाच्या दाराची घंटा वाजवून पळणं. दंड ४० शिलिंगांपर्यंत. बेल वाजवून पळणारी पोरं आमच्या सोसायटीत आहेत, तुमच्याही असतीलच. त्यांचे पूर्वज राणी व्हिक्टोरियाच्या काळात कलमात नोंदवले गेलेत.

मात्र या कायद्यात खेळ मुळात चालू धरलेला आहे. कुणाला त्रास झाला तर गुन्हा. त्रास नाही झाला तर खेळा. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट ‘चालू’ होतं. लिफ्टमधल्या नोटिशीत ते ‘बंद’ आहे, आणि दोन तासांसाठी कुणीतरी ते उघडतं. बदल झाला तो इथे. तो कसा झाला, हे शोधायला लंडनपेक्षा मुंबई जास्त उपयोगी पडते.

१८७०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर पारशी आणि हिंदू तरुण मिळेल त्या तुकड्यावर क्रिकेट खेळायचे. १८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला, तो फक्त युरोपियनांसाठी. त्यांचं स्वतःचं राखलेलं मैदान होतं. पण त्यांच्यातल्या मूठभरांना पोलो खेळायचा होता, आणि घोडे नेले गेले ते नेटिवांच्या क्रिकेटच्या जागेवर. टापांखाली जमीन उखणली की त्यावर चेंडू कसा पडणार? १८८१ साली शेकडो नेटिव खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. कधी सरकारने त्यांची बाजू घेतली, कधी फिरवली. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ मध्ये ‘पोलो विरुद्ध क्रिकेट’ या लढ्यावर पुस्तकच लिहिलं. ते स्वतः या लढ्यात पुढे होते.

भांडण मिटलं कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीवर पारशांना जिमखान्यासाठी जागा मिळाली. पुढच्या दशकभरात शेजारी मुस्लिमांना आणि हिंदूंनाही. मरीन ड्राइव्हवरून जाताना हे तिन्ही जिमखाने आजही ओळीने दिसतात. मागणी होती की सगळ्यांच्या मैदानावर आम्हाला खेळू द्या. उत्तर मिळालं की तुमच्यासाठी वेगळं मैदान घ्या, त्याला कुंपण घाला, सभासद नोंदवा. आपल्याकडे खेळायच्या जागेचा प्रश्न सभासदत्वाने सोडवायची सवय इथे लागली, असं माझं मत आहे. इतिहासाचे प्राध्यापक कदाचित इतकी सरळ रेघ ओढणार नाहीत.

दुसरी पद्धतही त्याच शहरात टिकून राहिली, हेही सांगायला हवं. आझाद मैदानावर एकाच वेळी किती सामने चालतात ते बघा. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँगऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. कुणाचा चेंडू कुणाचा, हे ओरडून ठरतं. बाहेरून बघणाऱ्याला गोंधळ वाटतो; आत सगळ्यांना नियम पाठ असतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्तीची सरकारला भीती बसली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती, रुंद रस्ते, पाच बागा ही त्याची देणगी. मोकळी जागा आता आरोग्याची गोष्ट झाली, हवा-उजेडासारखी. १९२५ साली महापालिकेने शिवाजी पार्क खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. गिरगाव-लालबागच्या चाळींमध्ये मात्र पोरांसाठी नकाशात वेगळं काही नव्हतं. चौक होता, गॅलरी होती, समोरचा रस्ता होता. काच फुटली की शिव्या बसायच्या, चेंडू जप्त व्हायचा, कधी कानाखालीही बसायची. चाळीच्या आठवणींत लोक ते गोड करून सांगतात; ज्याला बसायची त्याला तेवढं गोड लागत नसणार. पण उद्या परत खेळ सुरू व्हायचा, कारण तो बंद ठेवण्याची यंत्रणाच नव्हती.

यंत्रणा आली ती सहकारी सोसायटीबरोबर. १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, त्याखाली उपविधी, निवडून आलेली समिती, सभा, ठराव, दंड. लोकशाहीच म्हणायची, फक्त मतदार घरमालक. माझा घरमालक दुसऱ्या देशात राहतो आणि या इमारतीत एक रात्रही झोपलेला नाही. खेळण्याच्या वेळेवर त्याला मत आहे.

त्याच काळात मोकळी जागा नकाशात टक्केवारी बनून बसली. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर आकारानुसार १५ ते २५ टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवायची होती. बाकी महाराष्ट्रासाठी २०२०ची एकत्रित नियमावली आहे, तिच्यात ०.४ हेक्टर आणि त्यापुढच्या अभिन्यासात १० टक्के. बिल्डरांनी यातून वाट काढली : खाली पार्किंगचे मजले, त्यांच्या छतावर लॉन. त्याला पोडियम म्हणतात. जागा कागदावर तितकीच, फक्त ती गाड्यांच्या डोक्यावर. डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुंबईच्या नियमावलीनुसार किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. मग मुंबईचे २०१८चे नवे नियम आले : ६० टक्के जमिनीवर, त्यातली किमान निम्मी खऱ्याखुऱ्या मातीवर, आणि उरलेली ४० टक्के पोडियमवर चालेल.

या सगळ्या मारामारीत एक गोष्ट मागे पडते : त्या जागेवर मूल खेळू शकतं. कायदा चौरस मीटर मोजतो. तिथे हिरवळ लावून ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी ठोकली, तरी टक्केवारी पूर्ण भरते. जागेची जबाबदारी बिल्डरवर, वापराचा निर्णय समितीवर, आणि दोन्हींच्या मधून चेंडू गडगडत जातो.

मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९चा. त्याचं ३१वं कलम विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य करतं, आणि भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला आहे. जर्मनीत शेजाऱ्यांनी पाळणाघरांच्या आवाजाविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. २०११ साली त्यांनी प्रदूषणाच्या कायद्यातच दुरुस्ती केली : पाळणाघरातून, खेळाच्या मैदानातून येणारा मुलांचा आवाज साधारणपणे उपद्रव समजायचा नाही. छोटीशी दुरुस्ती. तिने डिफॉल्ट परत ‘चालू’ केलं. इंग्लंडने तर १९३८ सालीच कायदा करून काही रस्ते गाड्यांना बंद आणि मुलांना खुले करायची सोय केली होती. रस्त्यावर मुलं गाड्यांखाली येत होती, म्हणून मुलांना हटवण्याऐवजी गाड्यांना हटवायचं, असंही एकेकाळी कुणाला सुचलं होतं.

आता माझ्या गावाबद्दल. बिरसी हे गोंदियापासून जवळ, कामठ्याच्या बाजूचं गाव. बाहेरच्यांना ते विमानतळामुळे माहीत असतं. ही धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धासाठी १९४० साली बांधली. युद्ध संपलं, पट्टी राहिली. आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, १९९८ पासून एमआयडीसीकडे, आणि २००५च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. मधल्या काळात तिच्यावर फारसं काही उतरत नसे. माझे मोठे चुलतभाऊ त्या भागात सायकल शिकले. भाताच्या गावात एवढी सपाट आणि कोरडी जागा दुसरी कुठे मिळणार? मला तिची आठवण पुसट आहे. मी जेमतेम शाळेत जायला लागलो आणि विमानतळाचं काम वाढत गेलं. आता तिथे वैमानिक शिकतात. मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, आणि डिसेंबर २०२३ पासून पुन्हा सुरू झालं.

धावपट्टीला कुंपण हवंच. विमान उतरतं तिथे पोरं नकोत, यात वाद नाही. गावाने तिला कधी मैदान म्हटलंही नव्हतं. ती फक्त कुणी वापरत नव्हतं म्हणून खेळायची होती, आणि अशा जागेचा हिशोब कुठल्याच नोंदवहीत नसतो. गेली की गेल्याची नोंदही नसते. शहरातल्या इमारतीमागचा मोकळा प्लॉट, बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, रस्त्याचं अर्धवट राहिलेलं काम, सगळ्यांची गत तीच.

एक गंमत मात्र आहे. शिकाऊ विमानं दिवसभर बिरसीवर घिरट्या घालतात. पुण्याच्या आमच्या सोसायटीत टेनिस बॉलच्या आवाजाची तक्रार फोटोसकट होते. इथे डोक्यावरून विमान जातं तेव्हा माणसं बोलणं तोडतात, ते गेलं की पुढचा शब्द उचलतात.

आणि पोरं खेळतात. सूरपारंब्या, ज्याला आमच्याकडे डाबडुबली म्हणतात, ती कमी झाली. मोबाईल सगळीकडे पोचलाय, तेव्हा गावाचं उगाच कौतुक नको. पण दिवाळीच्या आगेमागे धान कापून झालं की बांध्या रिकाम्या होतात. धसकटं तुडवून एक पट्टी तयार होते. पाण्याची सोय झाली तिथे उन्हाळी धान लागतं, म्हणजे बांधी रिकामी राहण्याचे महिनेही घटले. तरी जेवढे मिळतात तेवढे. कुणाची बांधी हे सगळ्यांना माहीत असतं, विचारत कुणी नाही.

मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा एका बांधीत सामना रंगला होता. बांधीचे मालक, आमचे लांबचे काका, धुऱ्यावर उभे राहून ओरडत होते : तणसीच्या ढिगावर चेंडू गेला तर कुणी चढायचं नाही, सगळी तणीस पसरवता. फलंदाजाने हात वर करून सांगितलं, “काका, एवढी ओव्हर होऊ द्या.” काका खाली बसले. तिसऱ्या चेंडूवर त्यांनीच वाइड दिला.