आधी पिल्लू, मग बेडूक

अंडी, भैकेर, बेडूक हा तक्ता आपण वर्गाच्या भिंतीवर लावतो आणि मुले तो एका तासात पाठ करतात. सह्याद्रीतल्या एका बेडकाच्या बाबतीत मात्र भैकेरापासून बेडकापर्यंत पोचायला प्राणिशास्त्राला जवळजवळ पंचाऐंशी वर्षे लागली.

गोष्ट सुरू होते १९१७-१८ च्या सुमारास. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली होती. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल आणि बंगलोरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव दक्षिण भारतातल्या भैकेरांचा अभ्यास करत होते. डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यांतला एक भैकेर चमत्कारिक होता. शोषकासारख्या तोंडाने तो खडकाला असा चिकटे, की लोंढ्यातही जागचा हलत नसे. त्याचे वर्णन छापून आले. पण पिल्लू कोणाचे, ते कळेना.

कळणार तरी कसे? हा बेडूक वर्षभर जमिनीखाली राहतो, तिथेच वाळवी खातो. वळवाचे पाऊस पडले की थोडे दिवस वर येतो, ओढ्यात अंडी घालतो आणि पुन्हा मातीत शिरतो. आम्ही संशोधक मात्र बहुधा पावसाळा ओसरल्यावर, जळवा कमी झाल्या की जंगलात जातो!

शेवटी २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बोसाउट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रौढ बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. नमुना केरळातल्या इडुक्की जिल्ह्यातला होता. सुमारे सात सेंटिमीटर लांब, जांभळट, फुगलेल्या पिशवीला चार आखूड पाय लावावेत तसा; डोके लहान आणि नाक टोकदार. म्हणून नाव ठेवले नासिकाबॅट्रेकस सह्याद्रेन्सिस. पहिल्या शब्दात आपली नासिका आणि बेडकाचा ग्रीक शब्द असे दोन्ही आहे. डी.एन.ए. ताडून पाहिल्यावर त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक निघाले सेशेल्स बेटांवर, समुद्रापार सुमारे तीन हजार किलोमीटरवर. खारे पाणी बेडकाला मानवत नाही, तेव्हा पोहून कोणी गेले असणे कठीण. पण भारत आणि सेशेल्स एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ते विलग झाले. ही दोन घराणी त्याच्याही आधी वेगळी झालेली.

‘नवा बेडूक सापडला’ असे वर्तमानपत्रांनी छापले. तिथल्या गावकऱ्यांना ते वाचून गंमत वाटली असेल. त्यांच्यातले काही जण या बेडकाचे भैकेर खडकावरून खरवडून काढून खातात! मग विज्ञानाने केले काय? एक नमुना संग्रहात ठेवला, तो इतरांशी ताडला आणि त्याला जगभर चालणारे नाव दिले.

तो नमुना नसेल तर काय होते, हे नारायण रावांच्याच बाबतीत दिसते. १९३७ मध्ये त्यांनी दक्षिणेतल्या अनेक नव्या बेडकांची वर्णने छापली. पुढे ते मूळ नमुने हरवले. कागदावर नाव आहे, पण ते नेमके कोणत्या बेडकाचे, हे ठरवायला पुढच्या पिढ्यांना कोट्टिगेहारसारख्या त्यांनी नोंदलेल्या जागी पावसात पुन्हा हिंडावे लागले. रावांच्या सन्मानार्थ २०१० मध्ये झुडपांवरच्या छोट्या बेडकांच्या एका प्रजातीला राओर्चेस्टिस हे नाव मिळाले.

नासिकाबॅट्रेकसला २०१७ मध्ये एक भावंडही मिळाले. घाटाच्या पूर्व उतारावरची ही जात २०१४ मध्ये निधन पावलेल्या एस. भूपती या सरीसृपतज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाते. आणि ते खरवडून खाणे? २०१५ मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि या बेडकाला असलेल्या धोक्यांमध्ये त्याची नोंद झाली. अ‍ॅनंडेलच्या काळी हे लिहायचे म्हटले असते, तर कोणत्या बेडकाला धोका आहे, ती जागा कोरी ठेवावी लागली असती.