लेकीच्या मंगळसूत्रात हिरा की खडा?



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या पेण-रोह्याकडे घराघरांत लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात, आणि त्यातल्या काही अर्जांवर कारण लिहिलेलं असतं, 'मुलीचे दागिने'. आमच्या गटात यंदा यावरून चांगलाच वाद झाला. लेक म्हणाली, "मला डायमंडचं नाजूक मंगळसूत्र हवं, कामावर जाताना ड्रेसवरही चालतं." आई म्हणाली, "त्यापेक्षा जाड गंठण करू, अडीनडीला उपयोगी पडेल." मावशीनं तिसरंच काढलं, "अमेरिकन डायमंड घ्या, कोण बघायला येतंय?" वाद मिटेना, तेव्हा आम्ही ठरवलं, हे हिरे आणि खडे आपल्या बायकांच्या गळ्यात आले कुठून, ते आधी समजून घेऊ. जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

रायगडात हिऱ्याचं नाव आपल्याला दुकानात भेटण्याआधी गडावर भेटतं. तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हिरकणी म्हणजे हिऱ्याची बारीक कणी. साध्या घरात लेकीला हिऱ्याचं नाव ठेवता यायचं, हिरा घेणं मात्र राजेरजवाड्यांचं आणि सावकारांचं काम होतं.

आणि तो हिरा आपल्याच देशातला होता, बरं का. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगातले बहुतेक सगळे हिरे भारतातूनच जात होते. आपल्या डोंगरापलीकडे महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पुढे आंध्रात जाते. तिच्या काठी कोल्लूरची खाण होती, गोवळकोंड्याच्या राज्यात. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी तिथे गेला होता. त्यानं लिहून ठेवलंय की तिथे साठ हजारांच्या आसपास माणसं काम करत होती. पुरुष खणत होते, बायका आणि मुलं माती वाहत होती. म्हणजे हिऱ्याची माती बायकांच्या डोक्यावर आणि हिरा राणीच्या गळ्यात, असा तो कारभार होता.

मोती आले समुद्रातून. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंडा आणि चौल आहे. चौल हे फार जुनं बंदर, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी लिखाणातही त्याचं नाव येतं. पंधराव्या शतकात निकितीन नावाचा रशियन व्यापारी इराणच्या होर्मुझ बंदराकडून घोडा घेऊन जहाजानं इथेच उतरला होता. त्याच आखातातले मोती अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावरच्या बाजारांत येत. बसऱ्याचा मोती म्हणून आजी ज्याचं कौतुक करायची, तो हाच. पुढे मुंबई या मोत्यांची मोठी पेठ झाली. नथीत मोती आणि मधोमध लाल खडा, हा थाट महाराष्ट्रात रुजला.

पण आपल्या गावातल्या सर्वसाधारण बाईच्या गळ्यात काय होतं? काळी पोत. काळे मणी काचेचे, दोरा सुताचा, आणि ऐपतीप्रमाणे सोन्याच्या दोन वाट्या. आपल्याकडच्या ठाकर आणि कातकरी बायका गळाभर काचमण्यांच्या माळा घालत आल्या. पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावं घेतलेले आपल्याकडचे बेने इस्रायली लोक धर्मानं ज्यू, पण त्यांच्या बायकांनीही मंगळसूत्राची रीत उचलली. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण गाणी म्हणत विधी पार पाडते, तेव्हा वधूच्या गळ्यात काय बांधलं याला मान असतो. त्यात हिरा आहे की नाही, हे तिथे कुणी विचारत नव्हतं.

जुन्या काळी सोनं मोजायचं ते गुंजेवर. आपल्या रानात वेलीवर लाल-काळी गुंज मिळते, तीच. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. दागिना मोडायला नेला की सोनार आधी खडे आणि आतली लाख वजा करायचा आणि मग उरलेलं सोनं तोलायचा. ही रीत नीट लक्षात ठेवा, आजही ती बदललेली नाही.

बदलत राहिली ती खड्यांची किंमत. मोत्याचंच बघा. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती तयार करून दाखवला. पुढच्या तीसेक वर्षांत गोल, सुबक, स्वस्त मोती बाजारात आले आणि त्यात मंदीची भर पडून आखातातला मोत्यांचा धंदा बसला. माणकाचंही तेच. फ्रान्समध्ये वेर्नुई यांनी १९०२ साली ज्योतीवर माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली. त्यामुळे आजीच्या अंगठीतला लाल खडा जमिनीतून निघालेला असेलच असं नाही.

हिऱ्याची गोष्ट अजून निराळी. १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला आणि पुढे इतके हिरे निघाले की भाव पडायची भीती निर्माण झाली. डी बीअर्स या कंपनीनं बाजारात किती माल सोडायचा ते आपल्या हातात ठेवलं. १९४७ साली तिच्या जाहिरातीसाठी 'हिरा कायमचा असतो' अशा अर्थाचं वाक्य लिहिलं गेलं. ते लिहिणारी एक बाईच होती, फ्रान्सिस गेरेटी. लग्न म्हटलं की हिरा, ही समजूत अशी जाहिरातींनी वाढवली. आपल्याकडे टीव्हीवरून ती हिंदीत आली आणि आता लेकीच्या मोबाईलवर आहे.

आता मावशीच्या अमेरिकन डायमंडकडे वळू. नाव अमेरिकन, पण हा खडा दागिन्यांसाठी मोठ्या प्रमाणावर करण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात रशियात बसवली गेली. झिर्कोनिया म्हणतात त्याला. तो हिरा नाही. मॉइसनाइट म्हणून दुसरा एक खडा आहे, तोही हिरा नाही. पण उष्णतेवर चालणारं साधं तपासणी यंत्र त्याला हिरा म्हणून पास करतं, म्हणून सावध राहा.

लॅबमधला हिरा मात्र खराच हिरा असतो, फक्त जमिनीऐवजी यंत्रात वाढवलेला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ साली असा हिरा तयार झाला. आज आपल्या सुरतेत तो बनतो. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला. नुसत्या डोळ्यांनी तो खाणीतल्या हिऱ्यापासून ओळखता येत नाही. पण उत्पादन वाढलं तसा गेल्या काही वर्षांत त्याचा भाव पुष्कळ उतरला आहे. मोत्याचं शंभर वर्षांपूर्वी झालं, तसंच.

आमच्यातल्या एकीला नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी डायमंडचं मंगळसूत्र मोडावं लागलं. घेताना बिलातली जवळजवळ अर्धी रक्कम खड्यांची होती. मोडताना सोनाराकडे सोन्याचं वजन झालं, तेवढ्याचे पैसे मिळाले आणि खडे कागदाच्या पुडीत बांधून हातात परत दिले. ती पुडी अजून तिच्या डब्यात आहे. बँकेत सोनं तारण ठेवतानाही खडे वगळून निव्वळ सोन्याचीच किंमत धरतात.

म्हणून आम्हाला एवढंच सांगायचंय: खडा हौसेसाठी घ्यावा, अडीनडीसाठी सोनं घ्यावं, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा. हौस करू नका असं आम्ही म्हणत नाही. लेकीला चमक हवी असेल तर कमी किमतीचा खडा घ्या, खाणीचाच हिरा हवा असेल आणि ऐपत असेल तर तोही घ्या. पण गटाचं कर्ज काढून खड्यात पैसे घालू नका, कारण हप्ता फेडायची वेळ आली तर तो खडा मदतीला येईलच असं नाही.

दुकानात चार गोष्टी विचारा. सोनं किती कॅरटचं? २२ कॅरटवर ९१६ आणि १८ कॅरटवर ७५० असा आकडा असतो. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं बंधनकारक झाला आहे, त्यात सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक बघा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल अॅपवर तपासता येतो. मात्र हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नसतो. दुसरं, खड्यांचं वजन आणि किंमत बिलात वेगळी लिहून घ्या. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन, पाच कॅरटचा एक ग्रॅम. सोन्याच्या कॅरटशी त्याची गल्लत करू नका. तिसरं, खडा खाणीतला, लॅबमधला, मॉइसनाइट की झिर्कोनिया, ते लेखी घ्या. हिरा असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागा. चौथं, परत घेताना काय भाव देणार, तेही लेखी मागा.

आणि बिल लेकीच्या नावानं करा. तिचं स्त्रीधन तिचंच असतं, नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवायला दिलं तरी मालकी तिचीच राहते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितलं आहे. ती मालकी दाखवायची वेळ आली, तर कामाला येतो तो बिलाचा कागद.

आमच्या गटात शेवटी काय ठरलं? वाट्या आणि गंठण २२ कॅरटच्या सोन्याचं, आईच्या मनासारखं. आणि कामावर जाताना घालायला काळ्या मण्यांचं छोटं मंगळसूत्र, मधे एक लॅबमधला खडा. त्याचे पैसे लेकीनं स्वतःच्या पगारातून दिले. कर्जाचा अर्ज तिच्या आईनं मागे घेतला.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. घरातला एखादा जुना दागिना आणि त्याची पावती सोबत न्या, आणि त्यात सोनं किती नि खडे किती, ते एकमेकींना वाचून दाखवा.