जत्रेतली जागा आणि इंटरनेटवरचं नाव

शेतातली कामं आवरून, भाकरी थापून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्याजणींना आमचा रामराम.

आजचा विषय आमच्याच बचत गटाच्या बैठकीतून निघाला. गेल्या पावसाळ्यात अंतर्गत कर्जाचा एक अर्ज आला, रक्कम तीस हजार. कारणाच्या रकान्यात 'मुलाचा व्यवसाय' असं लिहिलेलं. शेळ्या, शिलाई मशीन, खत-बियाणं, पोरीची फी ही कारणं आम्हाला ओळखीची. म्हणून विचारलं, कसला व्यवसाय? मावशी म्हणाल्या, "पोरगं म्हणतंय, नावं घेऊन ठेवायचीत. डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवून आभासी जग बघतात ना, त्याची इंटरनेटवरची नावं. आज हजाराला एक मिळतंय, उद्या लाखाला जाईल."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. नाव विकत घ्यायचं? आणि ते विकायचं कुणाला? हसण्यावारी न्यावं, तर पोरगं शिकलेलं, कष्टाळू. हो म्हणावं, तर पैसा बावीस बायांच्या घामाचा. शेवटी ठरलं, अर्ज महिनाभर बाजूला ठेवायचा आणि आधी समजून घ्यायचं. त्या महिन्यात आम्हाला जे कळलं, ते आज सांगतो.

आपल्या मोबाईलमध्ये दहा आकडी नंबर असतात, पण आपण शोधतो 'माई' किंवा 'दूधवाला' या नावाने. इंटरनेटवरही प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यावर नाव चढवतात. त्या नावाला डोमेन म्हणतात. 'अमुक डॉट कॉम', 'तमुक डॉट इन' असं आपण ऐकतो, ते हेच.

ही नावं लिहून ठेवण्याचं काम पहिल्यांदा कुणाच्या हातात होतं, ठाऊक आहे? एका बाईच्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई होत्या. इंटरनेटच्या आधी जे अर्पानेट नावाचं जाळं होतं, त्याचं माहिती केंद्र १९७० च्या दशकापासून १९८९ पर्यंत त्यांनी सांभाळलं. कुठल्या संगणकाचं नाव काय आणि पत्ता काय, याची एकच यादी होती आणि ती त्यांच्या केंद्रात असायची. कुणाला नवं नाव हवं असेल, तर केंद्राला कळवायचं, मग ते यादीत चढायचं. आपल्या गटाच्या सचिवबाई जशी सगळ्यांची नोंद एका वहीत ठेवतात, तसंच. नावाला पैसे पडत नव्हते.

पुढे संगणक इतके वाढले, की एका वहीत मावेनात. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने नावांची नवी पद्धत आखली. सगळी यादी एकाच ठिकाणी न ठेवता वाटून दिली. राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड असते ना, तशी. व्यापाऱ्यांसाठी 'डॉट कॉम', शिक्षणसंस्थांसाठी 'डॉट ईडीयू', सरकारसाठी 'डॉट गव्ह' असे विभाग पडले. कामाप्रमाणे असे विभाग पाडण्यात फाइनलरबाईंच्या केंद्राचाही वाटा होता.

१५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम' हे पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं. त्या अख्ख्या वर्षात डॉट कॉमची फक्त सहा नावं नोंदली गेली. म्हणजे फुकट मिळत होतं, तरी घ्यायला कुणी नव्हतं! पुढे ती सिम्बॉलिक्स कंपनी मोडीत निघाली. नाव मात्र राहिलं, आणि २००९ मध्ये ते एका गुंतवणूकदाराने विकत घेतलं.

मग आली १९९० नंतरची वर्षं. इंटरनेट प्रयोगशाळेतून बाजारात आलं. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या अमेरिकी पत्रकाराने 'मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम' हे नाव स्वतःच नोंदवून टाकलं. एवढ्या मोठ्या खाद्यकंपनीला त्याचं भानही नव्हतं. कंपनीला जाग आली, तेव्हा त्याने नाव परत दिलं, पण एका शाळेच्या संगणकांसाठी साडेतीन हजार डॉलर द्यायला लावून! सप्टेंबर १९९५ पासून नावाला फी लागली, दोन वर्षांचे शंभर डॉलर. आणि मग खरी झुंबड उडाली.

आपल्याकडे जत्रेत काय होतं, आठवा. देवाच्या वाटेवर, चौकात, पाण्याजवळ जागा धरायला लोक आदल्या रात्रीच जातात. दोरी बांधतात, चार दगड ठेवतात. काहींना दुकान लावायचंच नसतं. नुसती जागा अडवायची आणि सकाळी बांगडीवाल्याला, भेळवाल्याला चढ्या भावाने द्यायची. इंटरनेटवर हेच झालं. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकलं गेलं, आणि दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, पंचाहत्तर लाख डॉलरला. अशी एक गोष्ट कानावर पडली, की हजार जण दगड ठेवायला धावतात.

त्याच वर्षी कायदाही जागा झाला. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावावर वाईट हेतूने डल्ला मारणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेत कायदा झाला. नावांचा कारभार बघणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेनेही तंटे सोडवण्याचे नियम केले. आपल्या देशात त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने 'याहू इंडिया डॉट कॉम' हे नाव वापरायला दुसऱ्या माणसाला मनाई केली. २००४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने 'सत्यम इन्फोवे'च्या खटल्यात सांगितलं, की इंटरनेटवरचं नाव हेही व्यापारचिन्हासारखंच आहे, दुसऱ्याच्या नावलौकिकावर कुणी धंदा करू शकत नाही. म्हणजे नामांकित कंपनीचं नाव अडवून खंडणी मागायची वाट बंद झाली. उरली साधी, रोजच्या बोलण्यातली नावं.

आता त्या चष्म्याकडे येऊ. तो काही कालचा नाही. डोक्यावर चढवून संगणकाने काढलेली चित्रं बघायचं यंत्र आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञाने १९६८ मध्येच करून दाखवलं होतं. 'व्हर्च्युअल रिॲलिटी', म्हणजे आभासी वास्तव, हा शब्द १९८० च्या दशकात जॅरॉन लॅनियर यांनी लोकांच्या तोंडी बसवला. आता घरोघरी हेच येणार, असं तेव्हाही लोक म्हणत होते. १९९५ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने 'व्हर्च्युअल बॉय' नावाचा खेळ आणला. तो इतका आपटला, की वर्षभरात बंद करावा लागला.

मग बरीच वर्षं शांतता. २०१२ मध्ये 'ऑक्युलस' नावाच्या नव्या चष्म्यासाठी लोकांकडून अडीच लाख डॉलर मागितले, तर चोवीस लाख गोळा झाले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरला घेणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर 'व्हीआर' ही दोन अक्षरं आगेमागे लावलेली नावं घेऊन ठेवायला जगभरचे लोक धावले. शिक्षण व्हीआर, प्रवास व्हीआर, लग्न व्हीआर, जे सुचेल ते. उद्या मोठी कंपनी दारात येईल आणि तोंडाला येईल तो भाव देईल, ही आशा.

झालं काय? २८ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक कंपनीने स्वतःचं नाव बदलून 'मेटा' केलं आणि 'मेटाव्हर्स' या शब्दाचा डंका पिटला. लगेच सगळे त्या शब्दामागे पळाले. आभासी जगातल्या, पाय ठेवता न येणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांना त्या नोव्हेंबरात लाखो डॉलरचा भाव गेला. पण २०२२ या एकाच वर्षात मेटाच्या त्या विभागाला सुमारे १,३७० कोटी डॉलरचा तोटा झाला. पुढे जून २०२३ मध्ये ॲपल कंपनीने आपला चष्मा दाखवला, तेव्हा तिने 'व्हीआर' हा शब्द बाजूलाच ठेवला आणि आणखी तिसराच शब्द काढला.

मैत्रिणींनो, आम्हाला खरी गोम इथे कळली. नाव घेऊन ठेवणारा यंत्रावर पैज लावत नाही, शब्दावर लावतो. यंत्र चालेलही, पण लोक त्याला कुठल्या शब्दाने हाक मारतील, हे आधी कुणी सांगावं? आठवतात ते पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ? बोलणं वाढलं की कमी झालं? कितीतरी वाढलं. पण ती पाटी आज कोण विकत घेईल? सायबर कॅफेचं तेच. आज तर पाचवीतलं पोरही इंटरनेट वापरतं, पण तो शब्द मागे पडला.

दुसरी गोम अशी, की नाव विकत मिळतच नाही, ते भाड्याने मिळतं. डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. भरले नाहीत, तर नाव हातचं जातं. गावाजवळून बायपास जाणार म्हणून कुणी रान घेतलं आणि रस्ता पलीकडून गेला, तरी त्या रानात निदान ज्वारी पेरता येते. नावात काय पेरणार? हजाराचं एक याप्रमाणे तीस नावं म्हणजे वर्षाला तीस हजार. पाच वर्षं वाट बघितली, तर दीड लाख गेले, आणि गटाचं व्याज वेगळंच.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. सोनं मोडायला गेलं, की कुठलाही सराफ भाव सांगतो. शेळीला बाजारात दर असतो. नावाला मात्र ज्याला नेमकं तेच हवं, असा एखादाच माणूस लागतो, आणि तो येईलच याचा भरवसा नाही. पंचाहत्तर लाखांची गोष्ट जगभर सांगितली जाते, कारण ती विरळा. मुदत संपून गळून गेलेल्या नावांची गोष्ट सांगायला कोण येतं?

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं मांडलं. त्या मुलालाही बोलावलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "पण कुणाचं तरी नशीब उघडतंच ना?" आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "उघडतं की. पण नशिबाची पैज आपापल्या खिशातून लावावी बाळा, गटाच्या पेटीतून नाही." कर्ज नामंजूर झालं. मावशींना ते लागलं. दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी आम्ही त्यांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, त्यांना सोबत घेऊन आलो.

या सगळ्यातून एक चांगलं काम झालं. दुसऱ्याच्या कामाची नावं अडवण्यापेक्षा आपल्या कामाचं नाव आपल्याकडे हवं, हे आम्हाला उमगलं. आमच्या गटाच्या चटण्या-पापडांना नाव आहे, पण इंटरनेटवर ते आम्ही घेतलंच नव्हतं. त्याच मुलाने ते नोंदवून दिलं. तुम्हीही घेणार असाल, तर चार गोष्टी बघा. नोंद गटाच्या नावाने करा, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावाने नको. ईमेल आणि पासवर्ड दोघी-तिघींकडे ठेवा. मुदत कधी संपते, ते गटाच्या वहीत लिहा. आणि हो, २०१४ पासून 'डॉट भारत' असं देवनागरीतही नाव मिळतं, मराठीसकट. म्हणजे आपलं नाव आपल्याच अक्षरात!

त्या मुलाने स्वतःच्या मजुरीतून दोन नावं घेतली आहेत. अजून कुणी गिऱ्हाईक आलेलं नाही. आलं, तर आम्ही त्याच्या हातचे पेढे खाऊ. नाही आलं, तरी त्याच्या आईच्या डोक्यावर कर्ज नाही.

तुमच्या गटात असा एखादा नवा, न कळणारा अर्ज आला, तर लगेच हो म्हणू नका आणि हसूनही उडवू नका. महिनाभर थांबा, विचारा, समजून घ्या. आणि जे कळेल, ते आम्हालाही कळवा. पुढच्या बुधवारी भेटूच. तोवर रामराम.