पिस्तूल नेमबाजी, हौशी

स्वसंरक्षण, शिकार किंवा लष्करी कर्तव्य यांपैकी कोणताही हेतू मनात न ठेवता, केवळ कौशल्याच्या आनंदासाठी वा स्पर्धेसाठी पिस्तुलाने लक्ष्याचा वेध घेण्याचा छंद. पिस्तूल हे एका हातात मावणारे आखूड नळीचे हत्यार असून हा शब्द पोर्तुगीजमधून मराठीत रूढ झाला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत ‘तमंचा’ हा शब्द आढळतो. सामान्य उत्पन्नाच्या माणसाला परवडेल असे पिस्तूल बाळगून त्याने नेमबाजी करणे ही काही पाश्चात्त्य देशांत रोजची गोष्ट आहे. भारतात, आणि विशेषतः नागपूर व जुन्या मध्य प्रांताच्या परिसरात, हा छंद वेगळ्या वाटेने वाढला. येथे स्वस्त व कायदेशीर असे हौशी पिस्तूल म्हणजे मुख्यतः छर्ऱ्याचे किंवा हवाई पिस्तूल होय. असे का झाले याचे उत्तर हत्याराच्या तंत्रापेक्षा शस्त्रविषयक कायद्याच्या इतिहासात अधिक सापडते.

निःशस्त्रीकरणाचा काळ : १८५३ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. जून १८५७ मध्ये नागपूरच्या अनियमित घोडदळातील उठावाचा बेत फसला आणि त्या दलाची शस्त्रे काढून घेण्यात आली. त्याच वर्षी व पुन्हा १८६० साली शस्त्रांवर निर्बंध घालणारे कायदे करण्यात आले. पुढे व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र अधिनियम आला. त्यान्वये परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला; मात्र नियमांतील सूटीमुळे यूरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याची गरज उरली नाही. परिणामी लक्ष्यवेधाचा खेळ हा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या व रेल्वेतील यूरोपीय नोकरांच्या स्वयंसेवक पथकांपुरता राहिला. ‘नागपूर व्हॉलंटिअर रायफल्स’ हे अशाच प्रकारचे पथक होय. हिंदी माणसाला तोच खेळ खेळायचा तर जिल्हाधिकाऱ्याची मर्जी संपादन करावी लागे.

हा भेदभाव राष्ट्रीय सभेच्या प्रारंभीच्या तक्रारींपैकी एक होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला व नंतरही ती मागणी वारंवार होत राहिली. वर्णावर आधारलेली सूट १९२० पासून नियमांतून काढून टाकण्यात आली. परवान्याचे बंधन मात्र कायम राहिले. याच काळात महाराष्ट्रात पिस्तुलाला निराळा अर्थ प्राप्त झाला होता. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून पाठविलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नासिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. बंदूक ही शेतकऱ्याच्या राखणीची वा शिकाऱ्याची वस्तू मानली जाई; अंगरख्यात लपणारे पिस्तूल राज्यकर्त्यांना कटाचे हत्यार वाटू लागले. ही दृष्टी पुढील कायद्यांतही टिकून राहिलेली दिसते.

नागपूरचा शस्त्रसत्याग्रह : शस्त्र अधिनियमाचा उघड भंग करणारी चळवळ १९२७ साली नागपुरातच झाली. तिचे नेते मंचरशा आवारी हे पारशी देशभक्त असून लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणत. बंगालमधील स्थानबद्धांची सुटका व्हावी या मागणीसाठी सत्याग्रहींनी विनापरवाना शस्त्रे घेऊन मिरवणुका काढल्या. आवारींना कारावासाची शिक्षा झाली व तुरुंगात त्यांनी उपोषणही केले. महात्मा गांधींनी या चळवळीला संमती दिली नाही. लोकांना निःशस्त्र करणाऱ्या कायद्याचा त्यांनी स्वतः १९१८ मधील सैन्यभरतीच्या पत्रकात तीव्र निषेध केला होता. तथापि अहिंसक सत्याग्रहात शस्त्र हाती धरणे त्यांना विसंगत वाटले. या प्रसंगात शस्त्र हे वापरण्याचे साधन नव्हते, नागरिकत्वाचे चिन्ह होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नागपूरचेच डॉ. बा. शि. मुंजे यांची भूमिका याहून भिन्न होती. बोअर युद्धात वैद्यकीय पथकात काम केलेल्या मुंजे यांना तरुणांना बंदुकीचे रीतसर शिक्षण मिळावे असे वाटे. त्यांच्या प्रयत्नांतून १९३७ साली नासिक येथे भोंसला सैनिकी शाळा सुरू झाली. एकाने हक्क म्हणून व दुसऱ्याने शिक्षण म्हणून शस्त्र मागितले. खेळ म्हणून ते मागणारा वर्ग अद्याप पुढे आला नव्हता.

संविधान व १९५९ चा अधिनियम : मार्च १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती सुचविली. कामत हे मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी व त्याच प्रांतातील माजी सनदी अधिकारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. परकी सत्तेने जनतेला निःशस्त्र केले असताना ही मागणी योग्य होती. परंतु कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागल्यास राज्यकारभार चालविणे अशक्य होईल, आणि आणीबाणीत शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर हक्कापेक्षा अधिक भर असावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाने नागरिकांना शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही विनाशस्त्र.

यानंतर झालेला १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला. हौशी नेमबाजाच्या दृष्टीने त्याचे कलम १३ महत्त्वाचे आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी ०·२२ बोअरची रायफल हवी असेल, तर सामान्यतः परवाना देण्यात यावा, असा त्याचा रोख आहे. पिस्तुलाचा तेथे उल्लेख नाही. पिस्तुलासाठी अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते व ते पटणे न पटणे परवाना अधिकाऱ्यावर अवलंबून असते. नागपूर शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. अशा रीतीने रायफल ही खेळाची वस्तू म्हणून कायद्याला मान्य झाली, पिस्तूल मात्र संशयाच्या छायेतच राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे ठरविले व एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची मर्यादा तीन केली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. प्रशिक्षणार्थी व नामवंत नेमबाजांसाठी काही सवलती आहेत.

शिकारीकडून लक्ष्याकडे : स्वातंत्र्यानंतरची सु. दोन दशके विदर्भात हौशी नेमबाजी म्हणजे शिकार असेच समीकरण होते. परदेशी पाहुण्यांसाठी वाघाच्या शिकारीची व्यवस्था करणारी ‘ऑल्विन कूपर’ ही कंपनी नागपूरचीच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हे युग संपविले. त्यानंतर हत्यार चालविण्याची हौस भागविण्यास कागदी लक्ष्य हाच मुख्य मार्ग उरला. त्यासाठी लागणारी संघटना आधीच उभी राहिली होती. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी भाषक होते. त्यांच्या नावाने चालणारी अखिल भारतीय स्पर्धा ही नवोदितांना राष्ट्रीय पातळीकडे नेणारी पायरी ठरली. महाविद्यालयीन तरुणांना राष्ट्रीय छात्रसेनेत ०·२२ रायफल हाताळण्यास मिळू लागली. पिस्तूल मात्र तेथेही दूरच राहिले.

हवाई पिस्तूल : या कोंडीतून वाट निघाली ती दारूऐवजी हवेच्या दाबाने छर्रा फेकणाऱ्या हत्यारामुळे. हवाई पिस्तुलात स्प्रिंगच्या जोराने सरकणारा दट्ट्या, हाताने दाबलेली हवा किंवा नळकांड्यात भरलेला उच्च दाबाचा वायू यांपैकी एका साधनाने ४·५ मिमी. व्यासाचा शिशाचा छर्रा फेकला जातो. जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक याच तत्त्वावर चालते. १९६२ च्या अधिसूचनेनुसार, ठराविक अंतरावरून मऊ लाकडाची ठराविक जाडीची फळी भेदू न शकणाऱ्या हवाई शस्त्रांना परवान्यातून सूट मिळाली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही मर्यादा निश्चित आकड्यांत सांगितली : नळीचा व्यास ४·५ मिमी. (०·१७७ इंच) हून व छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलहून अधिक नसावी. मुंबईच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने देशी बनावटीच्या हवाई रायफली काढल्यामुळे छर्ऱ्याचे हत्यार मध्यमवर्गीय घरांत पोहोचले होते. हवाई पिस्तूल त्याच मागाने आले.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून १० मी. हवाई पिस्तूल हा प्रकार पुरुष व स्त्रिया या दोन्ही गटांत समाविष्ट झाल्याने या साध्या हत्याराला प्रतिष्ठा लाभली. स्पर्धेत नेमबाज उभा राहून एका हाताने ६० छर्रे मारतो. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११·५ मिमी. असतो. पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅ.पेक्षा अधिक चालत नाही आणि चाप किमान ५०० ग्रॅ. भाराचा असावा लागतो. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत हात, श्वास व नजर स्थिर ठेवणे आणि लक्ष्यापेक्षा माशीवर दृष्टी एकाग्र करणे, हे या खेळाचे सार होय. त्यासाठी १० मी. लांबीची बंदिस्त जागा व छर्रे अडविणारी भक्कम पार्श्वभिंत पुरेशी होते. म्हणून शाळेच्या दालनातही सराव केंद्र चालू शकते. तथापि छर्रा डोळा निकामी करू शकतो. त्यामुळे नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवणे व नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे हे नियम येथेही तितकेच कडक असतात. हवाई हत्याराने पक्षी टिपणे हा १९७२ च्या अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो.

स्वस्ताईच्या मर्यादा : सरावाचे देशी हवाई पिस्तूल काही हजार रुपयांत मिळते, स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. अग्निशस्त्रांची खासगी आयात सामान्य नागरिकाला बंद असल्याने परवानाधारकाची मदार प्रामुख्याने सरकारी कारखान्यांच्या ०·३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हर व पिस्तुलांवर राहिली. कानपूर येथे तयार झालेल्या व २०१४ साली बाजारात आलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरची किंमत तेव्हा एक लाख रुपयांहून अधिक होती. शिवाय काडतुसांची संख्या परवान्यावर नोंदलेली असते. त्यामुळे असे हत्यार कपाटात राहते, त्याने सराव क्वचितच होतो. खऱ्या अर्थाने स्वस्त असे दारूचे पिस्तूल म्हणजे बेकायदा ‘देशी कट्टा’. ते बनविणे, विकणे व बाळगणे यांस कठोर शिक्षा असून, निकृष्ट पोलादाची नळी फुटून वापरणाऱ्याचाच हात जाण्याचा धोका असतो. खेळाशी त्याचा काही संबंध नाही.

इतर देशांतही हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडविला गेला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्वस्त पिस्तूल विकत घेऊन सुटीच्या दिवशी डबे-बाटल्या टिपणे हा सर्वसामान्य विरंगुळा आहे. तरीही १९६८ च्या कायद्याने क्रीडोपयोगी नसलेल्या लहान पिस्तुलांची आयात तेथे बंद झाली. ब्रिटनमध्ये १९९६ च्या डनब्लेन शाळेतील हत्याकांडानंतर १९९७ साली खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली आणि तेथील हौशी नेमबाजही हवाई पिस्तुलाकडे वळले. भारत या जागी पूर्वीच पोहोचला होता.

महाराष्ट्रातील पिस्तूल नेमबाजांनी या मर्यादित साधनांतून मोठा पल्ला गाठला. अनिसा सय्यद व कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मी. पिस्तूल दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. राही यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. हा प्रकार मात्र ०·२२ काडतुसाचा आहे. दहा मीटरवरून पंचवीस मीटरकडे जाताना परवाना, काडतुसे व संरक्षित मैदान या तिन्ही गोष्टी आड येतात. हवाई पिस्तुलाने खेळ सामान्य घरांपर्यंत आणला, पण पुढची पायरी अद्याप थोड्यांच्याच आवाक्यात आहे. ज्या नागपुरात एकेकाळी शस्त्र हाती घेणे हे स्वातंत्र्याचे चिन्ह ठरले, तेथील किशोरवयीन मुलगा वा मुलगी आज विनापरवाना पिस्तूल हाती धरून सराव करू शकते. त्यात हक्काची घोषणा नाही व कोणावर रोखण्याचा हेतूही नाही. एका हाताच्या स्थैर्याची ती परीक्षा असते, आणि हौशी पिस्तूल नेमबाजीचे प्रयोजन तेवढेच आहे.