अँग्लिकन चर्चमधील दैनंदिन प्रार्थना : गावच्या मंडळीपासून जागतिक परिवारापर्यंत

अँग्लिकन परंपरेतील चर्चमध्ये दररोज सकाळी आणि सायंकाळी प्रार्थना करण्याचा प्रघात सुमारे पावणेपाचशे वर्षांचा आहे. या प्रार्थनेत स्थानिक मंडळीतील आजारी, शोकग्रस्त व गरजू व्यक्तींसाठी, परिसरातील शाळा व रुग्णालयांसाठी विनंती केली जाते. त्याचबरोबर जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एखाद्या धर्मप्रांताचे नावही त्या दिवशी घेतले जाते. कोणत्या दिवशी कोणासाठी प्रार्थना करावयाची, याची वर्षभराची आखणी आधीच केलेली असते. या आखणीस 'प्रार्थनाचक्र' असे म्हणतात. अँग्लिकन परिवारात गेल्या काही दशकांत तीव्र मतभेद निर्माण झाले असल्याने या साध्या दिसणाऱ्या प्रथेला वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे.

उगम

सोळाव्या शतकापूर्वी इंग्लंडमधील मठांमध्ये दिवसरात्र मिळून आठ प्रहरांच्या प्रार्थना लॅटिन भाषेत होत असत. सामान्य जनांना त्यांचा अर्थ उमगत नसे. इंग्लंडचे चर्च रोमच्या अधिकारातून बाहेर पडल्यानंतर कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी उपासना लोकभाषेत आणण्याचे कार्य हाती घेतले. १५४४ मध्ये इंग्रजीतील पहिली अधिकृत विनंतीमाला प्रसिद्ध झाली. १५४९ मध्ये 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' म्हणजे सामान्य प्रार्थनेचे पुस्तक सर्व चर्चमध्ये लागू करण्यात आले. या पुस्तकाने आठ प्रहरांच्या प्रार्थना एकत्र करून सकाळची प्रार्थना आणि सायंप्रार्थना अशा दोनच उपासना ठेवल्या.

इंग्लंडमधील यादवीच्या काळात, १६४५ मध्ये, या पुस्तकावर बंदी घालण्यात आली होती. राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यानंतर १६६२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तीच आवृत्ती आजही इंग्लंडच्या चर्चमध्ये कायदेशीर मान्यता असलेली आहे. प्रत्येक धर्मगुरूने ही दोन्ही प्रार्थना रोज म्हटलीच पाहिजे, मग ती एकांतात असो वा चर्चमध्ये, असा दंडक त्या पुस्तकात आहे. गावातील धर्मगुरू घरी असेल आणि अन्य अडचण नसेल, तर त्याने चर्चमध्ये प्रार्थना करावी आणि त्यापूर्वी घंटा वाजवावी, असेही त्यात सांगितले आहे. लोकांना येता आले नाही तरी आपल्यासाठी प्रार्थना सुरू झाली आहे हे शेतात काम करणाऱ्यालाही कळावे, अशी ही व्यवस्था होती.

रोजच्या उपासनेची रचना

दैनंदिन उपासनेत पापांगीकार, स्तोत्रे, पवित्र शास्त्रातील दोन पाठ, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि शेवटी इतरांसाठीच्या विनंत्या असा क्रम असतो. क्रॅन्मर यांच्या योजनेत १५० स्तोत्रांची विभागणी महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-सायंकाळ अशी केलेली होती. त्यामुळे दररोज उपासना करणाऱ्यास संपूर्ण स्तोत्रसंहिता महिन्यातून एकदा वाचावयास मिळते. जुन्या कराराचा बहुतांश भाग वर्षातून एकदा वाचून व्हावा, अशीही त्या योजनेत तरतूद होती.

इंग्लंडच्या चर्चने २००० मध्ये 'कॉमन वर्शिप' ही आधुनिक भाषेतील उपासनामाला स्वीकारली आणि २००५ मध्ये तिचा दैनंदिन प्रार्थनेचा स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला. या खंडात आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी विनंत्यांचे विषय सुचविलेले आहेत. रविवारी जागतिक चर्च व राष्ट्रांचे नेते, सोमवारी प्रसारमाध्यमे, कला, शेती, मासेमारी, उद्योग आणि बेरोजगार, मंगळवारी आजारी, दुष्काळ व आपत्तीत सापडलेले आणि वैद्यकीय सेवेतील लोक असा हा क्रम आहे. बुधवारी न्यायव्यवस्थेतील कर्मचाऱ्यांबरोबरच गुन्ह्याचे बळी आणि गुन्हा करणारे, अशा दोघांसाठीही प्रार्थना सुचविण्यात आली आहे. गुरुवारी स्थानिक प्रशासन, शिक्षणसंस्था व आपत्कालीन सेवा, शुक्रवारी युद्धाने उद्ध्वस्त झालेले, निर्वासित, कैदी व बेघर, तर शनिवारी कुटुंबीय, इतरांची शुश्रूषा करणारे आणि मृत्यूच्या समीप असलेले लोक यांचे स्मरण केले जाते. आठवडाभर ही प्रार्थना करणाऱ्याच्या दृष्टीतून समाजाचा क्वचितच एखादा घटक सुटतो.

स्थानिक मंडळीचे चक्र

इंग्लंडच्या चर्चमध्ये ४२ धर्मप्रांत असून त्यांच्या चर्च-इमारतींची संख्या सुमारे १६ हजार आहे. बिशपच्या अधिकाराखालील क्षेत्र म्हणजे धर्मप्रांत. त्याचा सर्वांत लहान घटक म्हणजे पॅरिश, अर्थात एका गावाची वा वस्तीची मंडळी. प्रत्येक धर्मप्रांत आपल्या सर्व पॅरिशांची नावे वर्षाच्या दिवसांत वाटून देतो. नेमलेल्या दिवशी त्या पॅरिशचे धर्मगुरू, सेवक, चर्चच्या शाळा आणि तेथील रहिवासी यांच्यासाठी संपूर्ण धर्मप्रांतात प्रार्थना केली जाते. काही मंडळ्या याच धर्तीवर आपल्या हद्दीतील रस्त्यांची यादी करतात आणि दररोज एकेका रस्त्यावरील घरांसाठी प्रार्थना करतात. त्या घरांतील लोक चर्चमध्ये येतात किंवा नाही, याचा विचार त्यात केला जात नाही. पॅरिशच्या हद्दीत राहणारा प्रत्येक मनुष्य धर्मगुरूच्या जबाबदारीत येतो, ही अँग्लिकन परंपरेची मूळ धारणा त्यामागे आहे.

अलीकडच्या काळात या प्रथेसमोर व्यावहारिक प्रश्न उभे राहिले आहेत. ग्रामीण भागात एकाच धर्मगुरूकडे अनेक पॅरिशांचा कार्यभार असतो. प्रत्येक चर्चमध्ये रोज दोन वेळा उपस्थित राहणे त्यास शक्य होत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी मंडळीतील सभासदच प्रार्थनेचे नेतृत्व करतात. दैनंदिन प्रार्थनेसाठी दीक्षित धर्मगुरूची अट नसल्याने त्यास कोणतीही आडकाठी येत नाही. दुसरा प्रश्न आजारी व्यक्तींच्या नावांचा आहे. पूर्वी ही नावे साप्ताहिक पत्रकात सर्रास छापली जात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे युरोपीय नियम २०१८ मध्ये लागू झाल्यानंतर संबंधित व्यक्तीची वा तिच्या कुटुंबाची संमती घेऊनच नाव प्रसिद्ध करावे, अशी दक्षता मंडळ्या घेऊ लागल्या.

जागतिक परिवाराचे चक्र

अँग्लिकन परिवारात ४२ स्वायत्त प्रांतीय चर्चचा समावेश असून १६५ हून अधिक देशांत त्याचा विस्तार आहे. या परिवारास पोपसारखे सर्वाधिकारी पद नाही. कँटरबरीचे आर्चबिशप हे 'समानांतील प्रथम' मानले जातात आणि अन्य प्रांतांवर त्यांची आज्ञा चालत नाही. १८६७ मध्ये प्रथम भरलेली लॅम्बेथ परिषद, अँग्लिकन सल्लागार परिषद आणि प्रांतप्रमुखांची बैठक या अन्य तीन संस्था परिवारास एकत्र ठेवण्याचे काम करतात. अधिकाराचे बंधन असे सैल असल्याने परस्परांसाठी केलेली प्रार्थना हे या परिवाराचे एक महत्त्वाचे नाते ठरते.

'अँग्लिकन प्रार्थनाचक्र' हे त्या नात्याचे नियमित रूप होय. लंडन येथील अँग्लिकन कम्युनियनचे कार्यालय ते प्रसिद्ध करते. रविवारी बहुधा एका संपूर्ण प्रांतीय चर्चसाठी आणि अन्य दिवशी एका वा अधिक धर्मप्रांतांसाठी प्रार्थना नेमलेली असते. धर्मप्रांतांची नावे साधारणतः इंग्रजी वर्णक्रमाने घेतली जातात. त्यामुळे परस्परांशी कोणताही भौगोलिक संबंध नसलेले धर्मप्रांत यादीत शेजारी येतात. नागपूरच्या आसपास केनियातील नैरोबी व नाकुरू यांची नावे येतात, तर नाशिकच्या जवळ दक्षिण आफ्रिकेतील नाताळ हा धर्मप्रांत येतो. श्रीमंत आणि गरीब, जुने आणि नवे, मोठे आणि लहान असा भेद वर्णक्रमात राहत नाही.

याखेरीज दोन धर्मप्रांतांमध्ये कायमस्वरूपी मैत्रीचे संबंध असतात. दक्षिण इंग्लंडमधील सॉल्सबरी धर्मप्रांताचे सुदानशी असे संबंध १९७३ पासून आहेत. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि २०१७ मध्ये सुदानचे चर्च स्वतंत्र प्रांत बनले, तरी हा संबंध दोन्ही देशांशी टिकून राहिला. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. राजधानी खार्टुममधील ऑल सेंट्स कॅथेड्रल सशस्त्र दलाने ताब्यात घेतले आणि तेथील आर्चबिशप इझिकिएल कोंडो यांना पोर्ट सुदान येथे आश्रय घ्यावा लागला. विल्टशायर आणि डॉर्सेटमधील खेड्यांत सुदानचे नाव अर्धशतकापासून प्रार्थनेत येत होते. त्यामुळे तेथील लोकांना ही बातमी परक्या देशाची वाटली नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतातील अँग्लिकन चर्च १९३० मध्ये इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीरदृष्ट्या स्वतंत्र झाले. स्वातंत्र्यानंतर लगेचच, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आदी परंपरांच्या मंडळ्या या संयुक्त चर्चमध्ये विलीन झाल्या. त्यामुळे ही दोन्ही चर्च एकाच वेळी अँग्लिकन परिवाराची तसेच अन्य प्रोटेस्टंट परिवारांचीही सदस्य आहेत. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे धर्मप्रांत जागतिक प्रार्थनाचक्रात समाविष्ट होतात.

मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरूनच चर्चगेट हे नाव रूढ झाले. पुण्यात पंचहौद परिसरात अँग्लिकन संन्यस्त संघांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्य सुरू केले आणि तेथे प्रहरांच्या प्रार्थनेची परंपरा आणली. यांपैकी भगिनी संघाचे मूळ ठिकाण इंग्लंडमधील वाँटेज हे होते. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये तेथेच झाला. मराठी मंडळ्यांमध्ये उपासना मराठीतून होते आणि 'उपासना संगीत' या संग्रहातील गीते गाइली जातात.

मतभेदांची कसोटी

२००३ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर धर्मप्रांताने जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूंची बिशप म्हणून निवड केली. त्यानंतर अँग्लिकन परिवारातील मतभेद चव्हाट्यावर आले. आफ्रिका व आशियातील परंपरानिष्ठ नेत्यांनी २००८ मध्ये जेरुसलेम येथे 'गॅफकॉन' ही चळवळ स्थापन केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना अनुकूलता दर्शविली, तेव्हा अनेक प्रांतप्रमुखांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांचे नेतृत्व मानण्यास नकार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी निवड जाहीर झाली. या पदासाठी निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला होत. त्याच महिन्यात गॅफकॉनने कँटरबरीसह परिवाराच्या चारही पारंपरिक संस्थांचा अधिकार आपण नाकारत असल्याचे घोषित केले.

या सर्व काळात प्रार्थनाचक्र मात्र खंडित झाले नाही. बैठकांवर बहिष्कार टाकणाऱ्या नायजेरिया, युगांडा व रवांडा येथील चर्चच्या धर्मप्रांतांची नावेही त्यात येत राहिली. ज्यांच्याशी एका पंक्तीस बसणे अवघड झाले आहे, त्यांचेही नाव नेमलेल्या दिवशी घ्यावे लागते. काही टीकाकारांच्या मते अशा प्रार्थनेने मूळ वाद झाकला जातो. समर्थकांच्या मते वाद मिटेपर्यंत संबंध पूर्णतः तुटू नयेत, एवढे कार्य तरी तिने साधते. या दोन्ही मतांत तथ्य आहे. यादीतील नावाने सिद्धांताचा प्रश्न सुटत नाही. परंतु ज्याच्यासाठी नियमाने प्रार्थना करावयाची, त्यास कायमचा शत्रू मानणे कठीण जाते, हेही तितकेच खरे.

ध्वनिक्षेपण आणि नवी माध्यमे

दैनंदिन प्रार्थना चर्चच्या भिंतींबाहेर नेण्यात नभोवाणीचा मोठा वाटा आहे. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी येथील गायनयुक्त सायंप्रार्थना बीबीसीने ऑक्टोबर १९२६ मध्ये प्रथम प्रसारित केली. या कार्यक्रमाची परंपरा नभोवाणीच्या इतिहासातील दीर्घकाळ चाललेल्या परंपरांपैकी एक मानली जाते. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे इंग्लंडमधील चर्च बंद ठेवावी लागली. तेव्हा अनेक धर्मगुरूंनी घरातूनच सकाळ-सायंकाळची प्रार्थना इंटरनेटद्वारे लोकांपर्यंत पोहोचविली. इंटरनेट नसलेल्या वृद्धांसाठी एप्रिल २०२० मध्ये 'डेली होप' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू करण्यात आली. मोबाईल ॲपवर त्या त्या दिवसाची स्तोत्रे व पाठ आज सहज मिळतात.

साधने बदलली, तरी प्रथेचे स्वरूप फारसे बदललेले नाही. दिवस ठरलेला, नाव ठरलेले आणि प्रार्थना करणाऱ्याची आवडनिवड गौण, हे तिचे सूत्र कायम आहे. नियमित सायंप्रार्थनेस अनेकदा दोन-तीनच माणसे हजर असतात. त्यांनी घेतलेले नाव मात्र कधी शेजारच्या गल्लीचे, तर कधी त्यांनी कधीही न पाहिलेल्या नाशिकचे असते.